डायलिसिसवर थंडी वाजली तर: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. डायलिसिसवरच्या माणसाच्या हृदयाच्या आतल्या अस्तराला, मुख्यतः झडपांना, जंतुसंसर्ग झाला आहे की नाही हे ओळखायचे कसे? डॉक्टरांच्या भाषेत हा एंडोकार्डायटिस. बाकीची पत्रे पुढच्या अंकासाठी ठेवून यांनाच जागा दिली आहे.

बाबांना (वय ६३) आठ महिने डायलिसिस चालू आहे, छातीवरच्या परमकॅथमधून (डायलिसिससाठी मोठ्या शिरेत बसवलेली कायमची नळी, म्हणजेच कॅथेटर). गेल्या महिन्यात तीनदा, मशीन लावल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने त्यांना सपाटून थंडी वाजली. दर वेळी एक इंजेक्शन आणि तापाची गोळी दिली, घरी येईपर्यंत बरे वाटले. आता ताप अजिबात नाही, पण जेवण जात नाही, कंबर धरली आहे, अंगात त्राण नाही. इको केला तो नॉर्मल आला. तरी नवे डॉक्टर म्हणतात की हृदयाच्या अस्तराची शंका आहे. ताप नाही, इको चांगला, मग शंका कशावरून? (एक मुलगी, गुहागर)

ताई, शंका रास्त आहे आणि ती थंडीच्या वेळेवरूनच येते. परमकॅथच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात नळी बंद असते, तेव्हा तो तिथेच पडून राहतो. मशीन सुरू होऊन मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त त्या नळीतून धावू लागले की थरातले जंतू सुटतात आणि सरळ हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचतात. हुडहुडी भरते ती त्यानंतर. मशीन बंद झाले की जंतूंचा लोंढा थांबतो, माणूस सावरतो आणि सगळ्यांना वाटते की इंजेक्शनने गुण आला. चार दिवसांनी पुन्हा तेच.

हे जंतू उजव्या बाजूने शिरतात, तरी डायलिसिसच्या रुग्णांत संसर्ग बहुधा डाव्या बाजूच्या झडपांवर बसतो. मायट्रल झडपेवर सर्वांत जास्त, त्याखालोखाल एओर्टिकवर. मूत्रपिंड निकामी झाल्यावर कॅल्शियम आणि फॉस्फरसचा हिशेब बिघडतो आणि या झडपांवर चुना साचतो. त्या खरबरीत होतात, त्यांच्यावरून जाणारे रक्त भोवरे घेत जाते, आणि अशा जागी जंतूंना पाय रोवायला मिळतो. यात नंबर एकचा जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो आपल्या कातडीवर आणि नाकपुड्यांत राहतो.

ताप नाही यावर विसंबू नका. युरेमियात, म्हणजे मूत्रपिंड निकामी होऊन रक्तात घाण साचल्यावर, शरीराची प्रतिकाराची ताकद मंदावलेली असते आणि डायलिसिसवरच्या कित्येकांचे रोजचे तापमानच थोडे कमी असते. त्यांच्यासाठी ३७.५ अंशसुद्धा ताप असू शकतो. त्यात आधीच पॅरासिटामॉल दिले असेल तर थर्मामीटर काय सांगणार? जेवण न जाणे, ग्लानी, हिमोग्लोबिन अचानक उतरणे, डायलिसिसमध्ये पूर्वी न पडणारे बीपी पडू लागणे, वजन ड्राय वेटला (जादा पाणी काढल्यावर असायला हवे तेवढ्यावर) आणूनही धाप लागणे, ही या रुग्णांतली खरी लक्षणे. कंबरदुखी हलकी समजू नका. स्टॅफ जंतू रक्तातून मणक्यांमधल्या चकतीत जाऊन बसतो. कमरेचा एमआरआय करून घ्या. तो कॉन्ट्रास्ट न देताही करता येतो.

आता इकोचे. छातीवरून केलेल्या इकोत दोन-तीन मिलीमीटरची वाढ सहसा दिसत नाही. नैसर्गिक झडपेवर खरोखर आजार असलेल्या दहा जणांपैकी साधारण सातांमध्येच तो छातीवरून पकडला जातो. झडपेभोवती चुना साचला असेल तर त्याची सावली पडते आणि मागचे काहीच नीट दिसत नाही. उलट कधी चुन्याचा खडाच जंतूंच्या गोळ्यासारखा दिसतो. म्हणून अन्ननलिकेत नळी घालून केलेला इको लागतो. त्याला टीईई म्हणतात. हृदय अन्ननलिकेला खेटून असल्याने त्यात चित्र फार स्पष्ट येते. तोही पहिल्या वेळी स्वच्छ आला आणि शंका कायम असली तर पाच ते सात दिवसांनी पुन्हा करायचा असतो. कारण पहिल्या दिवशी गोळा तयार झालेलाच नसतो.

बाबांसाठी आत्ता एवढे करा. पुढची थंडी येण्याची वाट पाहू नका, येत्या डायलिसिसलाच रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यायला सांगा, तेही अँटिबायोटिक देण्याआधी. गेल्या महिन्यात दिलेल्या इंजेक्शनांची नावे आणि तारखा लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. थंडी वाजल्यावर कल्चर न घेता एक डोस देऊन घरी पाठवण्याची पद्धत आमच्या मते या आजारात सर्वांत जास्त नुकसान करते. एका डोसने रक्तातले जंतू दोन दिवस दबतात, कल्चर निगेटिव्ह येते, आणि झडपेतले तसेच वाढत राहतात. मात्र बीपी वरचे ९०च्या खाली गेले, बोलणे अडखळले, एक हात-पाय लुळा पडला, बोटे निळी-काळी दिसू लागली किंवा आडवे पडवत नाही इतकी धाप लागली, तर तालुक्याच्या ठिकाणी वेळ घालवू नका. थेट हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या.

आमच्या केंद्रात कल्चरचा सल्ला मिळतो, पण घ्यायचे कसे यावर प्रत्येकाचे वेगळे मत. रुग्णांच्या शिरा मिळत नाहीत, नातेवाईक म्हणतात रक्त आधीच कमी आहे, आणि बाटल्या रत्नागिरीला पाठवाव्या लागतात. नीट पद्धत सांगाल का? (स्टाफ नर्स, लांजा)

सिस्टर, तुम्ही विचारले ते बरे केले. निदान बहुतेक वेळा इथेच बिघडते.

तीन संच घ्यायचे, तीन वेगळ्या टोचण्यांतून. एका संचात दोन बाटल्या, एरोबिक (हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी) आणि अॅनएरोबिक (हवेशिवाय वाढणाऱ्यांसाठी). मोठ्या माणसासाठी प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. पहिल्या आणि शेवटच्या संचात किमान एक तासाचे अंतर. रुग्ण गंभीर असेल तर तासभर थांबू नका, वेगवेगळ्या जागांहून लागोपाठ घ्या आणि औषध सुरू करा. सहा बाटल्यांचे मिळून साठेक मिली होतात. रक्तदानात ३५० मिली घेतात, त्याच्या साधारण सहाव्या भागाइतके. नातेवाइकांना हा हिशेब सांगा, आणि हेही की दोन-तीन मिली रक्ताने भरलेली बाटली म्हणजे वाया गेलेली टोचणी. या आजारात एक मिली रक्तात मोजके जंतू असू शकतात. रक्त कमी घेतले तर ते बाटलीत उतरतच नाहीत.

शीर निवडताना फिस्टुलाचा (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेला) हात सोडा. दुसऱ्या हाताचीही मनगटापासून कोपरापर्यंतची शीर वाचवा, उद्या तिथेच फिस्टुला करायचा असेल. तळहाताच्या मागच्या बाजूच्या शिरा वापरा. त्या मिळाल्याच नाहीत तर डायलिसिस सुरू झाल्यावर रक्ताच्या लाइनमधून घेणे मान्य आहे. कॅथेटर असेल तर एक संच कॅथेटरमधून, बाकीचे हाताच्या शिरेतून, आणि बाटलीवर जागा लिहायची. दोन्हीकडे एकच जंतू उगवला आणि कॅथेटरची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा अधिक आधी पॉझिटिव्ह झाली, तर जंतूंचे घर कॅथेटरमध्ये आहे असे समजतात. त्यासाठी दोन्ही बाटल्यांत सारखेच रक्त आणि दोन्ही एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. लाइनमधून घेतलेल्या रक्ताला ही तुलना लागू पडत नाही, कारण तिथे सगळे मिसळलेले असते.

कातडी अल्कोहोलमधल्या २ टक्के क्लोरहेक्सिडिनने तीस सेकंद घासा आणि तीस सेकंद आपोआप वाळू द्या. फुंकर घालायची नाही, पंखा मारायचा नाही, आणि पुसल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही. पोव्हिडोन आयोडिन वापरत असाल तर दीड ते दोन मिनिटे थांबा, वाळल्याशिवाय ते काम करत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की वाळायला जास्त वेळ लागतो, घाई करू नका. बाटलीचे प्लास्टिकचे झाकण उडवले म्हणजे खालचे रबर निर्जंतुक झाले असे होत नाही. तेही अल्कोहोलने पुसून वाळू द्या. रक्त कमी मिळाले तर आधी एरोबिक बाटली भरा. भरल्यावर बाटली हलकेच उलटी-सुलटी करा, खळखळ हलवू नका.

आता पाठवण्याची गोष्ट. बाकीचे नमुने बर्फाच्या डब्यात जातात म्हणून कल्चरच्या बाटल्याही त्यातच ठेवल्या जातात. तसे करू नका. त्या फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवायच्या नसतात, गारठ्याने काही जंतू मरतात. खोलीच्या तापमानाला, उभ्या, थर्मोकोलच्या कोरड्या डब्यात ठेवा. दोन तासांत पोचल्या तर उत्तम, नाहीतर निदान त्याच दिवशी. मे महिन्यात गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवणेही तितकेच वाईट. चिठ्ठीवर घेतल्याची वेळ, जागा आणि आधी अँटिबायोटिक दिले होते का, हे तीन तपशील हवेतच. प्रयोगशाळा बाटल्या पाच दिवस ठेवते. स्टॅफ असेल तर बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच फोन येतो, म्हणून चिठ्ठीवर तुमचा चालू असलेला फोन नंबर लिहा.

सहा बाटल्यांपैकी एकीत कोअॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ (ऑरियसचा सौम्य भाऊबंद) आला तर तो बहुधा कातडीवरचा असतो. पण स्टॅफ ऑरियस एका बाटलीत जरी आला, तरी त्याला बाहेरचा समजून सोडून देऊ नये.

मी राजापूरला जनरल प्रॅक्टिस करतो. ड्यूक निकष वाचले आहेत, पण डायलिसिसच्या रुग्णाला लावताना घोळ होतो. हृदयात मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) तर निम्म्या जणांना असतेच. काय मोजावे, काय सोडावे? (एक डॉक्टर)

डॉक्टर, घोळ होतो कारण एंडोकार्डायटिस ठरवण्याचे हे निकष या रुग्णांसाठी बेतलेले नाहीत. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने ते १९९४ मध्ये मांडले, २००० मध्ये सुधारले आणि २०२३ मध्ये त्यांची नवी आवृत्ती आली. सांगाडा तोच आहे: दोन मोठे निकष, किंवा एक मोठा आणि तीन छोटे, किंवा पाच छोटे म्हणजे निश्चित. एक मोठा आणि एक छोटा, किंवा तीन छोटे म्हणजे शक्य.

एक उदाहरण घ्या. परमकॅथचा रुग्ण, दोन वेगवेगळ्या कल्चरमध्ये स्टॅफ ऑरियस. हा एक मोठा निकष झाला. ताप ३८ अंश किंवा वर असेल तर एक छोटा मिळतो आणि रुग्ण 'शक्य' गटात येतो. पण याच रुग्णाचा ताप ३७.४ वरच थांबला, पूर्वी झडपेचा आजार नोंदलेला नाही आणि छातीवरचा इको साधा आला, तर कागदावर तो 'शक्य' गटातही बसत नाही. प्रत्यक्षात मात्र टीईई करायलाच हवा असा हा रुग्ण आहे. डायलिसिसवर असणे ही २००० च्या निकषांत पूर्वस्थिती म्हणून मोजलेली नाही. तिथे हृदयाचा आधीचा दोष किंवा नशेची इंजेक्शने एवढेच आहे. २०२३ च्या आवृत्तीत झडपेची सौम्यपेक्षा अधिक गळती किंवा अरुंदपणा मोजतात. त्यामुळे रुग्णाचे जुने इको रिपोर्ट शोधून काढा, तिथे एक छोटा निकष लपलेला असू शकतो.

मर्मरविषयी तुमचे निरीक्षण अचूक आहे. अॅनिमिया, फिस्टुलाचा जोरदार प्रवाह, अंगात साठलेले पाणी आणि चुना धरलेली झडप, या चारही कारणांनी मर्मर येते. म्हणून डायलिसिसनंतर, वजन उतरल्यावर छाती ऐका आणि दर महिन्याला नोंद ठेवा. नव्याने आलेली गळतीची मर्मर ओळखायला जुनी नोंदच उपयोगी पडते. मूत्रपिंडाचा दाह हा छोटा निकष इथे वापरताच येत नाही, मूत्रपिंड आधीच गेलेले आहे. बोटांचे काळे टोक पाहिले तर दोन्ही हात ताडून पाहा. फक्त फिस्टुलाच्या हाताला असेल तर फिस्टुलाने बोटांकडचे रक्त ओढून घेतल्याचा परिणाम असू शकतो, दुसऱ्या हाताला किंवा पायांना असेल तर झडपेवरून सुटलेल्या तुकड्याचा संशय धरा. सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) या रुग्णांत एरवीही थोडे वाढलेले असते. एका आकड्यावर जाऊ नका, चार दिवसांतली चढ-उतार बघा.

ईसीजी स्वस्त आहे, तुमच्या दवाखान्यात आहे, तर रोज काढा. पीआर अंतर वाढू लागले तर एओर्टिक झडपेच्या मुळाशी पू धरल्याची ती खूण असू शकते. त्या दिवशीच रुग्ण हलवा. सिंधुदुर्गाच्या बाजूचे गोव्यात बांबोळीला जातात, तुमच्याकडचे कोल्हापूर किंवा मुंबईला. कुठेही पाठवा, पण आधी फोन करून टीईई होतो का आणि तिथे डायलिसिसची सोय आहे का, हे दोन्ही विचारा. टीईईसाठी सहा तास उपाशी ठेवावे लागते, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्याचा डोस ठरवून द्या. शक्यतो तो डायलिसिस नसलेल्या दिवशी करावा. त्याच दिवशी डायलिसिस असेल तर हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) असर उतरू द्यावा. कल्चर घेऊन झाल्यावर रुग्ण अस्थिर असेल तर टीईईची वाट पाहत औषध थांबवू नये, हे वेगळे सांगायला नको.

पेट-सीटीची मागणी काही नातेवाईक करतात. कृत्रिम झडप असेल तर तो उपयोगाचा आहे. नैसर्गिक झडपेवर तो निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही.

यजमानांच्या इकोत हृदयाभोवती पाणी आहे असे लिहिले आहे, १४ मिलीमीटर. पावसात रस्ता बंद झाल्याने दोन डायलिसिस चुकले होते. झोपले की छातीत दुखते, पुढे वाकून बसले की बरे वाटते. हाही अस्तराचाच आजार का? (एक वाचक, वेंगुर्ले)

नाही ताई, हे बाहेरचे आवरण. हृदयाला आतून अस्तर असते तसे बाहेरून दुपदरी आवरण असते. त्याला सूज येऊन मध्ये पाणी साचते, तो पेरिकार्डायटिस. १० ते २० मिलीमीटर म्हणजे मध्यम पाणी. झोपल्यावर आणि दीर्घ श्वास घेताना दुखणे, पुढे वाकल्यावर उतरणे, ही त्याची ओळखच आहे. डायलिसिस अपुरे पडले की हे होते, आणि तुमच्याकडे दोन डायलिसिस चुकल्यावरच झाले आहे. अशा रुग्णांच्या ईसीजीत पेरिकार्डायटिसच्या नेहमीच्या खुणा पुष्कळदा दिसत नाहीत, म्हणून ईसीजी साधा आहे एवढ्यावर सोडू नये.

उपाय म्हणजे डायलिसिस वाढवणे. साधारण दहा ते चौदा दिवस रोज किंवा जवळजवळ रोज, हेपॅरिन न वापरता, म्हणजे त्या पाण्यात रक्त उतरणार नाही. तुम्ही लक्ष ठेवायचे ते एकाच गोष्टीवर: मशीन लावल्यावर, फारसे पाणी काढलेले नसताना, बीपी लवकर कोसळते का? तसे झाले तर साचलेले पाणी हृदयाला आवळते आहे. त्याच वेळी इको करून सुईने पाणी काढावे लागेल. दुखण्यासाठी दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून देऊ नका.

दहा-बारा दिवस पुरेसे डायलिसिस होऊनही पाणी हटले नाही, किंवा सोबत बारीक ताप आणि वजन घटणे असेल, तर क्षयाची तपासणी मागून घ्या. डायलिसिसच्या रुग्णांना क्षयाचा धोका जास्त असतो. आणि परमकॅथ असून थंडी वाजली असेल तर पहिल्या उत्तरातले कल्चर तुम्हालाही लागू आहे.

पावसाळ्यात ताप आला की आमच्याकडे आधी लेप्टो आणि मलेरिया बघतात. दादाला डायलिसिस आहे, तो अजून चिखलणीला शेतात उतरतो. कसे ओळखायचे? (एक वाचक, चिपळूण)

दोन्ही बघायचे, एकाच दिवशी. लेप्टोत पोटऱ्या फार दुखतात, डोळे लाल होतात, कावीळ येऊ शकते. एरवी लघवी कमी होणे ही धोक्याची खूण धरतात, पण दादाला लघवी आधीच कमी असेल तर ती इथे उपयोगाची नाही. लेप्टोची अँटिबॉडी तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. मलेरियासाठी रक्ताची काच आणि कार्ड. अंगावर, काखेत, जांघेत काळ्या खपलीचा डाग असेल तर स्क्रब टायफस (बारीक किडा चावून होणारा ताप) धरा. दोडामार्ग-सावंतवाडीकडे काजूच्या बागेत गोचीड चावून होणारा माकडताप हा हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यातला, पावसातला नाही.

मात्र क्रम सोडू नका. लेप्टोच्या संशयाने डॉक्सीसायक्लिन किंवा सेफ्ट्रायाक्झोन सुरू करण्याआधी कल्चरच्या बाटल्या भरून घ्या. आणि मलेरिया पॉझिटिव्ह आला म्हणून कॅथेटरचा संसर्ग नाहीच, असे धरू नका. औषधाने ताप उतरला नाही तर पुन्हा शोधायला लागा. फिस्टुला असला तरी दादाने तो हात चिखलात घालू नये, आणि परमकॅथ असेल तर शेतात उतरूच नये. ड्रेसिंग घामाने किंवा पावसाने ओले झाले की त्याच दिवशी केंद्रात जाऊन बदलून घ्यावे.

मी तंत्रज्ञ आहे. एका शिफ्टला तिघांना एकदम थंडी भरली, त्यात दोघे फिस्टुलाचे. पाण्याचा दोष की संसर्ग? (सिंधुदुर्ग)

एकाच वेळी अनेकांना, त्यातही फिस्टुलावाल्यांना, म्हणजे आधी पाणी आणि बायकार्बोनेट तपासा. चार तासांच्या डायलिसिसमध्ये मिनिटाला ५०० मिलीच्या हिशेबाने एका रुग्णाच्या पडद्यापलीकडून १२० लिटर पाणी जाते. त्यातले जंतूंचे विष पडदा ओलांडते आणि थंडी भरते, रक्तात जिवंत जंतू नसतानाही. डायलिसिसच्या पाण्यात जंतू मिलीलिटरमागे १०० च्या आत आणि एंडोटॉक्सिन (हेच जंतूंचे विष) ०.२५ युनिटच्या आत हवे. ५० आणि ०.१२५ ला पोचले तरी निर्जंतुकीकरण करायचे. नमुने आरओच्या (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी, लूपच्या (मशीनना पाणी फिरवणाऱ्या पाइपच्या) परतीच्या टोकाला आणि त्या तिन्ही मशीनना पाणी जाते तिथे घ्या. प्रयोगशाळेला सांगा की जंतू वाढवायला नेहमीचे ब्लड अगार चालणार नाही, आर२ए किंवा टीजीईए हे माध्यम लागेल आणि प्लेट सात दिवस ठेवावी लागेल. पाण्यातले जंतू सावकाश वाढतात, दोन दिवसांत 'वाढ नाही' असा रिपोर्ट दिला तर तो फसवा. आदल्या दिवशी कालवलेले बायकार्बोनेट उरले असेल तर ओतून टाका, त्यात जंतू झपाट्याने वाढतात.

तरीही तिघांचेही कल्चर घ्या. विशेषतः जो तिसरा कॅथेटरवर आहे त्याचे. पाण्याची थंडी डायलिसिस संपल्यावर काही तासांत उतरते आणि पाणी सुधारले की पुन्हा येत नाही. त्याला पुढच्या वेळीही भरली, तर त्याचे कारण वेगळे आहे.

आईचे निदान झाले, स्टॅफ ऑरियस, मायट्रल झडपेवर ८ मिलीमीटरचा गोळा. सहा आठवडे औषध आणि परमकॅथ काढायचा म्हणतात. नळी काढली तर डायलिसिस कुठून करायचे? (एक मुलगा, अलिबाग)

नळी काढणे टाळू नका. जंतूंचा थर औषधाने धुतला जात नाही, तो नळीबरोबरच जातो. साधारणपणे डायलिसिस झाले की त्याच दिवशी नळी काढतात, जमल्यास दोन-तीन दिवस कुठलीच नळी न ठेवता जाऊ देतात, आणि पुढच्या डायलिसिसला मांडीतून किंवा मानेतून तात्पुरती घालतात. नवी कायमची नळी कल्चर स्वच्छ झाल्यावर. त्या मधल्या दिवसांत पाणी आणि पोटॅशियम काटेकोर सांभाळा: शहाळे, केळी, कोकम, आमसुलाचे सार बंद.

सहा आठवडे मोजायचे ते औषध सुरू केल्यापासून नव्हे, पहिले कल्चर निगेटिव्ह आले त्या दिवसापासून. तोवर दर एक-दोन दिवसांनी कल्चर होत राहते. जंतू साध्या औषधाला दाद देणारा असेल तर सेफॅझोलिन डायलिसिसच्या शेवटी देता येते, २ ग्रॅम, २ ग्रॅम आणि दोन दिवसांच्या सुट्टीआधी ३ ग्रॅम. त्यासाठी वेगळी शीर टोचावी लागत नाही, हा मोठा फायदा. दाद न देणारा असेल तर व्हँकोमायसिन, त्याची रक्तातली पातळी मोजत. जेंटामायसिनची जोड सुचवली तर का, ते विचारा, कानांना इजा होते. गणपतीला गावी जायचे असेल तर तिथल्या केंद्रात डोस मिळेल याची खात्री आधी करा, एकही चुकवू नका.

शस्त्रक्रियेचा प्रश्न हृदय थकू लागले, झडपेशी पू धरला, औषध चालू असून कल्चर पॉझिटिव्ह राहिले, किंवा गोळा १० मिलीमीटरच्या वर जाऊन तुकडे सुटू लागले, तर येतो. डायलिसिसवर आहेत एवढ्याच कारणाने कोणी नाही म्हटले तर दुसऱ्या हृदयशल्यचिकित्सकांचे मत घ्या. आणि फिस्टुलाची तयारी आतापासून सुरू करा. हे सगळे पुन्हा होऊ नये यासाठी त्याच्याइतका भक्कम उपाय दुसरा नाही.

मला दोन वर्षांपूर्वी हा आजार झाला होता. आता दाढ काढायची आहे. (एक वाचक, मालवण)

एकदा हा आजार झालेल्याने दाढ काढण्याआधी औषध घ्यायचेच. अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, तोंडाने, अर्धा ते एक तास आधी, एकच डोस. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर अॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम. नंतर पाच दिवसांचा कोर्स या कारणासाठी लागत नाही. दाढ डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी काढा, म्हणजे हेपॅरिन उतरलेले असेल आणि रक्त जास्त वाहणार नाही. दंतवैद्यांना जुन्या आजाराचा कागद दाखवा. पुढच्या महिनाभरात थंडी वाजली किंवा बारीक ताप राहिला तर कुठलीही गोळी घेण्याआधी डायलिसिस केंद्रात जाऊन रक्त द्या, आणि चिठ्ठीवर दाढ काढल्याची तारीख लिहायला सांगा.